काळ्या मेलचा माग

वणीत इंग्रजी जोडशब्दांना तोटा नाही. हायवे आहे, बायपास आहे, सबस्टेशन आहे आणि एस.टी. स्टँडवर कॉलेजची पोरं करतात तो टाइमपास आहे. २०१८ साली सप्तशृंगीच्या गडावर रुळांवरून चढणारी गाडी सुरू झाली. तिचं कागदोपत्री नाव फ्युनिक्युलर ट्रॉली. हे नाव जिभेवर चढेपर्यंत गाडी वर पोचते, म्हणून लोक सरळ रोपवे म्हणू लागले. शिकलेली माणसं हसतात, की अहो, रोपवे हवेतून जातो, ही तर जमिनीवरून जाते. हसू द्या. फ्युनिक्युलस हा लॅटिन शब्द आणि त्याचा अर्थ दोरी. दोरीनं ओढलेल्या गाडीला रोपवे म्हणणारा खानदेशी भाविक लॅटिनच्या प्राध्यापकापेक्षा फार लांब नाही.

नावांच्या बाबतीत हा मुलूख तसा ढिलाच. देवी ‘वणीची’ म्हणायची, पण गड कळवण तालुक्यात, पायथ्याचं गाव नांदुरी आणि वणी दिंडोरी तालुक्यात. त्यात यवतमाळ जिल्ह्यात दुसरी वणी, तिथे कोळसा निघतो. शिवाय निफाड तालुक्यात कुसुमाग्रजांचं शिरवाडे वणी. जिथे गावाचाच पत्ता असा तीन ठिकाणी निघतो तिथे शब्दाचा पत्ता विचारायची कोणाला हौस? पण एक जोडशब्द मात्र गेली काही वर्षं माझ्या डोक्यात बसला आहे, कारण वणीच्या बाजारपेठेत त्याच्याइतका राबता शब्द दुसरा नाही. तो म्हणजे ब्लॅकमेल.

द्राक्षाच्या हंगामात तर तो घडाघडाला लागलेला असतो. व्यापारी बागेत येतो, एक मणी तोंडात टाकतो, ‘शुगर बसली नाही अजून’ म्हणतो आणि मग काही न बोलता आभाळाकडे बघतो. त्या बघण्यात किलोमागे दोन-तीन रुपये असतात. तो गेला की शेतकरी म्हणतो, ‘हे सरळ ब्लॅकमेलिंग आहे.’ मजुरांचा मुकादम उचल घेऊन ऐन छाटणीत फोन बंद ठेवतो, तेही ब्लॅकमेलिंग. पोरगं बारावीच्या पेपराआधी मोटारसायकल मागतं, तेही तेच. आणि सोसायटीच्या निवडणुकीत ज्याच्या एका मतावर चेअरमन ठरणार असतो, तो गृहस्थ तर आठवडाभर काही मागतही नाही, फक्त देवदर्शनाला जाण्याची इच्छा व्यक्त करतो. बरोबर कुटुंबही न्यायचं म्हणतो.

आता या शब्दाचा अर्थ काय, म्हणून मी पारावर विचारून पाहिलं. पार म्हणजे गावचं विद्यापीठ, तिथे नापास कोणी होत नाही. एकानं सांगितलं, मेल म्हणजे टपाल, तेव्हा ब्लॅकमेल म्हणजे निनावी पत्र. दुसऱ्याचं म्हणणं, मेल म्हणजे गाडी, जशी कलकत्ता मेल. ती इतरांना थांबवून पुढे जाते, तसं हे. तिसरा सिनेमावाला निघाला. १९७३ सालचा धर्मेंद्र आणि राखीचा ‘ब्लॅकमेल’ त्यानं नाशिकला जाऊन पाहिला होता. त्याला त्यातलं गाणं पाठ होतं, गुन्हा काय होता ते मात्र आठवत नव्हतं. हिंदीच्या मास्तरांनी ‘भयादोहन’ असा शब्द सांगितला. भयाचं दोहन, म्हणजे समोरच्याची भीती धारेला लावायची. शब्द सुरेख आहे, पण तो उच्चारून कोणाला धमकावून बघा. तो आधी अर्थ विचारील आणि सगळा दम तिथेच जाईल.

टपालवाल्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं होतं, म्हणूनच ते तपासून पाहणं भाग होतं. इंग्रजीत मेल नावाचे तीन वेगळे प्राणी आहेत आणि तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. टपालाचा मेल जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ पिशवी किंवा थैली, पत्रं त्या थैलीतून जात म्हणून पुढे पत्रांनाच मेल म्हणू लागले. चिलखताचा मेल लॅटिनमधल्या जाळीच्या भोकावरून आला. आणि ब्लॅकमेलमधला मेल आहे स्कॉटलंडचा. त्याचा अर्थ भाडं. शेतजमिनीचं भाडं. आपण ज्याला खंड म्हणतो तो.

इथे वणीच्या माणसानं कान टवकारावेत. आपल्याकडे जमीन खंडानं देतात, वर्षाचा खंड ठरवतात, ‘खंडून’ व्यवहार करतात. स्कॉटलंडात खंडानं घेतलेल्या शेताला मेलिंग म्हणत आणि चराईसाठी द्यायच्या पैशाला ग्रासमेल. या मेलचं मूळ आणखी मागे जुन्या नॉर्स भाषेत सापडतं, माल असा उच्चार, आणि अर्थ बोलणं, त्यावरून करारमदार. म्हणजे आपली ‘बोली’. आपणही बोली म्हणजे भाषा आणि बोली म्हणजे ठरलेला करार, दोन्ही एकाच शब्दात उरकतो. पिंपळगाव बसवंतच्या कांद्याच्या लिलावात तिसरा अर्थही उरकतो.

मग हे भाडं काळं कसं झालं? सोळाव्या शतकात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवर दोन्ही राजांचं राज्य कागदावर होतं आणि प्रत्यक्षात आर्मस्ट्राँग, एलियट, ग्रॅहम असल्या घराण्यांचं. यांना रीव्हर म्हणत. धंदा एकच, शरदातल्या लांब रात्री घोडे काढायचे आणि पलीकडची गुरं अलीकडे आणायची. पुढे उत्तरेच्या डोंगराळ भागातही हाच उद्योग चाले आणि तिथे तर चंद्राला ‘मॅकफार्लेनचा कंदील’ असं नाव होतं, कारण मॅकफार्लेन मंडळी त्याच्या उजेडात निघत. चंद्रावर कविता करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्यांना आपली गुरं गोठ्यात हवी असत ते या मंडळींना वर्षाची ठरावीक रक्कम, धान्य किंवा जनावरं देत. जमीनदाराला द्यायचा तो मेल, आणि या मंडळींना द्यायचा तो ब्लॅक मेल. काहींच्या मते चांदीच्या नाण्यात दिलेलं भाडं पांढरं आणि गुराधान्याच्या रूपात दिलेलं काळं. काहींच्या मते काळं म्हणजे सरळ वाईट. मला पहिलं मत अधिक आवडतं, कारण जमिनीच्या खरेदीत किती पांढरं आणि किती काळं हा प्रश्न मला आजही ओळखीचा वाटतो.

शिवाय आपल्या जुन्या गावगाड्यात काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. त्या हिशेबानं ब्लॅक मेलचं शब्दाला शब्द मराठी ‘काळीचा खंड’ असं होईल. हे वाक्य तलाठ्यासमोर म्हटलं तर तो नोंद करून घेईल. पोलिस ठाण्यात मात्र म्हणू नये.

हा खंड घेणारे स्वतःला लुटारू समजत नसत, हे विशेष. अठराव्या शतकातला रॉब रॉय मॅकग्रेगर हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तो पैसे घेई आणि गुरांची राखण करी. कोणाची गुरं गेलीच तर शोधून आणून देई. त्याच्या पुतण्याच्या काळात, १७४१ साली, याचा रीतसर लेखी करार झालेला आहे. गुरं गेली तर मुदतीत परत, नाही तर किंमत भरून. आजच्या भाषेत जनावरांचा विमा. फरक एवढाच की गुरं कोण नेणार हे विमा कंपनीला आधीच ठाऊक असे, आणि पुष्कळदा ते तिच्या नात्यातले असत. पुढे वॉल्टर स्कॉटनं १८१४ च्या ‘वेव्हर्ली’त आणि त्यानंतर ‘रॉब रॉय’ या कादंबरीत हा शब्द वापरला आणि डोंगरातला शब्द लंडनच्या दिवाणखान्यात आला. दिवाणखान्यात गुरं नव्हती. तिथे चोरण्यासारखी गोष्ट म्हणजे अब्रू. म्हणून एकोणिसाव्या शतकात ब्लॅकमेल म्हणजे ‘पैसे दे, नाही तर तुझं बिंग फोडतो’ असा अर्थ रुळला. हिचकॉकनं १९२९ साली ब्रिटनचा पहिला बोलपट म्हणून गाजलेला सिनेमा काढला, त्याचं नावही हेच. बोलायला लागल्यावर पहिला शब्द हा.

पण आपल्याला लंडनला जायचं नाही, कारण या शब्दाची खरी गंमत वणीच्या शिवारात आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. ३ ते ५ ऑक्टोबर, तीन दिवस. नंतरच्या सरकारी चौकशीत लुटीचा आकडा ६६ लाख रुपये निघाला. निघताना महाराजांनी शहरातल्या अंमलदारांना आणि बड्या व्यापाऱ्यांना पत्र धाडलं, की वर्षाला १२ लाख रुपये देत जा, नाही तर उरलेलं शहर पुढल्या वर्षी जाळायला येतो. पारावरचा टपालवाला इथे अगदीच चुकला असं म्हणता येणार नाही. मागणी मेलची आणि ती मेलनंच.

मग महाराज बागलाणातून नाशिककडे परतत असताना, चांदवडला येऊन थांबलेला मोगल सरदार दाऊदखान कुरेशी आडवा आला. १७ ऑक्टोबरला पहाटे कांचन-मांचन घाटाच्या अलीकडे, वणी-दिंडोरीच्या मैदानावर लढाई झाली. महाराजांनी खजिना पुढे काढून दिला आणि स्वतः फौजेनिशी मागे उभे राहिले. मोगलांचा आघाडीचा सरदार इखलासखान मियाना जखमी झाला. मोगलांच्या चाकरीतला भीमसेन सक्सेना त्या फौजेबरोबर होता आणि त्यानं ते लिहून ठेवलं. खजिना सुखरूप पोचला. उघड्या मैदानावर मोगलांशी समोरासमोर भिडून मराठ्यांनी मारलेली ही मोठी बाजी. गडावर जाणारी निम्म्या महाराष्ट्राची गर्दी आज त्याच पट्ट्यातून रसवंतीवर थांबत थांबत जाते आणि कोणाला त्याचा पत्ता नसतो.

तिकडे स्कॉटलंडात, या लढाईला पाच महिने होत नाहीत तोच, मार्च १६७१ मध्ये रॉब रॉयचा बाप्तिस्मा झाला. पत्रिका बघणाऱ्यांनी याचं काय करायचं ते करावं.

सुरतेच्या त्या धामधुमीत इंग्रजांची वखार स्ट्रेनशम मास्टर नावाच्या माणसानं मूठभर शिपायांनिशी राखली आणि शेवटी महाराजांना नजराणा पाठवून प्रकरण मिटवलं. आता गंमत बघा. राणी एलिझाबेथनं ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली आणि लगेच १६०१ साली तिच्याच पार्लमेंटनं ब्लॅकमेलविरुद्ध कायदा केला. कायदा कडक होता. घेणारा गुन्हेगार आणि देणाराही गुन्हेगार. तो उत्तरेकडच्या चार परगण्यांपुरताच होता हे मास्टरसाहेबाचं नशीब. नाही तर वखार वाचवली म्हणून शाबासकी आणि कशी वाचवली म्हणून फाशी, असा दुहेरी सत्कार झाला असता.

महाराजांनी १६७२ मध्ये सुरतेकडे पुन्हा चौथाई मागितली तेव्हा कारणही कळवलं होतं. तुमच्या बादशहामुळे मला फौज बाळगावी लागते, तेव्हा तिचा खर्च त्याच्या रयतेनं द्यावा. या युक्तिवादात मला तरी भोक दिसत नाही. शिवाय चौथाई ही मराठ्यांनी काढलेली नवी टूम नव्हे. पेठ-सुरगाण्याच्या पलीकडे रामनगरचं कोळी राज्य होतं. दमणचे पोर्तुगीज त्याला आपल्या गावांबद्दल चौथ भरत आणि तिथल्या राजाला चौथिया राजा म्हणत. मोरोपंत पिंगळ्यांनी १६७२ मध्ये रामनगर घेतलं, तशी राज्याबरोबर ही थकबाकीही महाराजांकडे आली. जमिनीबरोबर विहिरीचा वाटा येतो तशी.

पुढे १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी बादशाही सनदेनिशी घेऊन आला. शिक्का उमटला की मागणीचा हक्क होतो, ही जगरहाटी. तरी इंग्रजीतून इतिहास लिहिणाऱ्यांनी चौथाईला ब्लॅकमेल म्हणायचं सोडलं नाही. जदुनाथ सरकारांचा मुद्दा असा की चौथाई दिल्यानं मराठ्यांपासून सुटका होई, पण इतरांपासून राखण करण्याची जबाबदारी मराठ्यांवर नसे. यावर उत्तराचा मसाला निफाडच्या माणसानं आधीच कुटून ठेवला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ साली निफाडला जन्मले. त्यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर पुस्तक लिहिलं आणि चौथाईची तुलना थेट वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली. तुमच्या राज्यात आमची फौज राहील, तुमचं रक्षण करील, खर्च तुम्ही द्या. निजामानं १७९८ मध्ये यावर सही केली, तेव्हा कोणा इंग्रज इतिहासकाराला हा शब्द आठवला नाही. शब्दकोश हाताशी नसावा.

आणि हा शब्द त्यांना माहीत नव्हता असं तर मुळीच म्हणता येत नाही. मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटिश. एल्फिन्स्टन स्कॉटिश. आणि ज्याच्यापुढे दुसऱ्या बाजीरावानं जून १८१८ मध्ये शस्त्र ठेवलं तो जॉन माल्कम कुठला, तर लँगहमजवळचा. म्हणजे ऐन आर्मस्ट्राँग मंडळींच्या घराजवळचा, जिथे काळ्या मेलची आधी लावणी झाली तिथला. त्यानंच बाजीरावाला गप्प बसण्याबद्दल वर्षाला ८ लाख रुपये तनखा ठरवून दिला. कलकत्त्यातले वरिष्ठ रकमेवरून कुरकुरले. पण खंड किती ठरवावा हे माल्कमच्या मुलखातल्या माणसाला शिकवायला जाऊ नये.

इतिहासातून घरी यावं तर इथे इमोशनल ब्लॅकमेल बसलेलंच असतं. सूझन फॉरवर्ड या अमेरिकन बाईंनी १९९७ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि शब्द जगभर गेला. त्यात भीती, कर्तव्य आणि अपराधीपणा यांचं धुकं पसरवून माणसं आपलं म्हणणं कसं पुरं करून घेतात ते सांगितलं आहे. नाशिक जिल्ह्याला हे अमेरिकेकडून शिकायची गरज नव्हती. कैकेयी कोपभवनात जाऊन बसली नसती तर राम पंचवटीत आला नसता. राम आला नसता तर सीतागुंफा नाही, काळाराम नाही, रामकुंडावर कुंभमेळा नाही, आणि त्या कुंभमेळ्यासाठी दर बारा वर्षांनी होणारे रस्ते नाहीत. एका बाईच्या रुसण्यावर इतकी बांधकामं उभी राहिलेला दुसरा जिल्हा मला ठाऊक नाही.

आमच्याकडे हे काम आई करते. ती भांडत नाही, आवाज चढवत नाही. ‘तू नको येऊस, मी एकटी जाईन चालत गडावर, पाय दुखले तर दुखले,’ एवढंच म्हणते. मग शेतीची कामं, बँकेचा हप्ता, मुलाची परीक्षा सगळं बाजूला ठेवून गाडी निघते. गडावर पोचल्यावर ती रोपवेनं जात नाही. पायऱ्यांनीच जाते, माझ्या पुढे. आणि वर देवीसमोर हात जोडून तिचं जे काही बोलणं चालतं त्यालाही अटी असतात. हे कर, म्हणजे ते करीन. अठरा हातांची देवी सगळं ऐकून घेते. दोघींचाही अनुभव मोठा आहे. माझं काम ओटीचं सामान धरायचं.

हे सगळं ब्लॅकमेल म्हणावं का? माझं मत विचाराल तर नाही. मूळ अर्थानं ब्लॅक मेल म्हणजे राखणीचा मोबदला, आणि आईनं राखण केलेली आहे. थकबाकी निघते ती आपल्याकडून. द्राक्षाच्या व्यापाऱ्याचं तसं नाही. तो बाग राखत नाही, डावणी रोगाच्या धास्तीनं रात्री जागत नाही, फक्त ढगांशी ओळख सांगतो. मूळ रीव्हरसुद्धा ज्याचे पैसे घेत त्याची गुरं परत आणून देत. त्यामुळे व्यापाऱ्याला ब्लॅकमेलर म्हणणं हा रॉब रॉयचा अपमान आहे.

कायद्याच्या वाटेनं पाहिलं तर दोन्ही देशांत शब्दांची अदलाबदल झाली आहे. इंग्लंडनं १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात हा जुना गावठी शब्द उचलून गुन्ह्याचं अधिकृत नाव केलं आणि त्याला १४ वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. आपल्याकडे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा ३०८ व्या कलमात बसतो, आणि वर्तमानपत्रं त्याची बातमी ‘खंडणीचा गुन्हा’ म्हणून छापतात. ज्या खंडणीचे आकडे तहनाम्यांत मानानं लिहिले जात, ती आता हवालदाराच्या डायरीत आली. कोणाही शब्दाचे दिवस सारखे राहत नाहीत, पण खंडणीइतकी घसरण क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल.

तेव्हा वाचकहो, पुढच्या चैत्रात किंवा नवरात्रात गडावर जाल तेव्हा वणीत दहा मिनिटं जादा थांबा आणि १६७० ची लढाई कुठे झाली ते विचारा. चार जण चार दिशांना हात करतील. ते चालेल, लढाई तशी पसरलेलीच होती. मात्र येताना रस्त्यावर कोणी द्राक्षं घेऊन बसलेलं दिसलं आणि आभाळ भरून आलेलं असलं, तर भाव करताना वर बघू नका.